‘बाई, बेरीज करू की वजाबाकी?’

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यमात. मांडून दिलेली बेरीज-वजाबाकी, हातच्याची असो की उसन्याची, बिनचूक करतो. पाढेही पाठ आहेत. पण लेखी उदाहरण समोर आलं की पहिलं वाक्य संपायच्या आत ‘मला नाही येत’ म्हणून पेन्सिल खाली ठेवतो. नाहीतर ‘बेरीज करू की वजाबाकी?’ असं विचारतो. सांगितलं की लगेच करून दाखवतो. शिकवणीच्या बाई म्हणतात की त्याच्यात आत्मविश्वास कमी आहे, त्याला सारखं ‘तुला येतं’ म्हणत जा. बरेच महिने आम्ही तेच करतोय, फरक नाही. आत्मविश्वास वाढवायचा तरी कसा?

उत्तर :

ताई, मुलाचं ‘मला नाही येत’ हे म्हणणं आधी खरं धरा. त्याला खरंच येत नाही. मुळात भित्रा असता तर मांडलेल्या वजाबाकीलाही भ्याला असता. तो अडतो ते फक्त लेखी उदाहरणापाशी. नऊ वर्षांचं पोर आपल्याला काय जमतं आणि काय नाही याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर बांधतं. अशा वेळी आपण वरून ‘तुला येतं, तुला येतं’ म्हणत राहिलो की त्याला दोन गोष्टी कळतात. एक, आईला माझी अडचण दिसतच नाही. दोन, हे सगळ्यांना येण्यासारखं सोपं आहे आणि तरी मला येत नाही. दुसरी जास्त लागते.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. स्वतःवरचा विश्वास हा माणसाला एकगठ्ठा मिळत नाही. तो कामागणिक वेगळा असतो. पोहायला बिनधास्त उतरणारा मुलगा वर्गात उभा राहून वाचताना थरथरतो. हा विश्वास येतो कुठून, तर बांडुरांच्या मते चार ठिकाणांहून: काम स्वतः करून ते जमल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच कुणाला तरी ते जमताना पाहणं, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या वेळी अंगात जे काही होतं ते, म्हणजे छातीतली धडधड, तळहाताचा घाम. यातला पहिला झरा सर्वांत भक्कम. तुम्ही आणि शिकवणीच्या बाई तिसऱ्यावर सगळी भिस्त ठेवून आहात, आणि पहिला नसेल तर तिसरा फार दिवस टिकत नाही.

एक गंमत सांगतो. टिम्स नावाची आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणी १९९५ पासून दर चार वर्षांनी होते, चौथी आणि आठवीच्या मुलांची. प्रत्येक देशाच्या आत पाहिलं तर ज्या मुलांना गणिताचा आत्मविश्वास जास्त, त्यांचे गुणही साधारण जास्त. पण जपान आणि दक्षिण कोरियाची मुलं जगात वरच्या नंबरांत असून ‘मला गणित चांगलं जमतं’ असं म्हणायला मात्र मागे असतात. तेव्हा आत्मविश्वास हा काही गणित चालू करायचा खटका नव्हे. गणित जमू लागलं की तो येतो, आला की मूल थोडं जास्त झगडतं, झगडलं की आणखी जमतं. हे चक्र फिरवायला कुठून तरी हात घालावा लागतो, आणि माझ्या मते तो गणिताच्या बाजूने घालावा. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये शिकवताना आणि पुढे शिक्षकांची प्रशिक्षणं घेताना हे माझं मत पक्कंच होत गेलं.

आता दुखण्याकडे वळू. ‘बेरीज करू की वजाबाकी?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत, कुठल्याही माध्यमात ऐकू येतो. तो विचारणाऱ्या मुलाने उदाहरण वाचलेलंच नसतं. त्याने दोन आकडे उचललेले असतात आणि त्यांच्यामध्ये कोणतं चिन्ह टाकायचं एवढंच त्याला हवं असतं. तुम्ही चिन्ह सांगता, तो उत्तर काढतो, बरोबर येतं, आणि तुम्हाला वाटतं की येत तर होतं, उगाच घाबरला. पण उदाहरणातलं सगळं गणित त्या चिन्हातच होतं आणि ते तुम्ही करून दिलंत. उरली ती आकडेमोड.

याला आपणच खतपाणी घातलेलं आहे. ‘एकूण’ आलं की बेरीज, ‘उरले’ आलं की वजाबाकी, ‘प्रत्येकी’ आलं की गुणाकार नाहीतर भागाकार, असे ठोकताळे कित्येक वर्गांत फळ्यावर लिहून दिले जातात, शिकवणीत तर पाठच करून घेतात. दुसरीपर्यंत ते चालून जातात, कारण तिथली उदाहरणं साधी असतात. मग मूल तिसरी-चौथीत येतं आणि समोर येतं: ‘डब्यात एकूण २४ लाडू होते, त्यांपैकी ९ संपले.’ इथे ‘एकूण’ आहे आणि करायची आहे वजाबाकी. ठोकताळा दगा देतो. असा तीन-चारदा दगा बसला की मूल स्वतःचं डोकं चालवणं सोडून मोठ्यांचं तोंड बघायला लागतं. त्यालाच आपण ‘आत्मविश्वास कमी’ असं नाव देतो.

ही सवय फक्त आपल्याकडची नाही. १९७९ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या गणितशिक्षकांनी प्राथमिकच्या मुलांना एक उदाहरण दिलं होतं: एका जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? बहुसंख्य मुलांनी आकडे जुळवून वय काढून दिलं. छत्तीस! तुमच्या मुलाला हे उदाहरण घालून बघा. कप्तान नको, तांडेल म्हणा. तो हसला तर उत्तम. त्याने शांतपणे ३६ लिहिलं तरी रागावू नका. मास्तरांनी उदाहरण दिलंय म्हणजे त्याला उत्तर असणारच, हे शाळेने शिकवलेलं तो इमानदारीने पाळतोय, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्यक्ष काय करायचं ते आता एका उदाहरणावर दाखवतो.

‘रमाकडे काही बोरं होती. तिने ८ बोरं भावाला दिली. आता तिच्याकडे १५ बोरं उरली. तर सुरुवातीला तिच्याकडे किती बोरं होती?’

चौथीचं ठोकताळेवालं मूल ‘दिली’ आणि ‘उरली’ हे दोन शब्द बघतं आणि १५ मधून ८ वजा करून ७ लिहितं. साधारण शिक्षक इथे काय करतो? ‘चूक. नीट वाच.’ मूल पुन्हा वाचतं म्हणजे पुन्हा त्याच ओळीवरून डोळे फिरवतं आणि तुमच्या चेहऱ्याचा अंदाज घेत विचारतं, ‘मग बेरीज?’ तुम्ही मान हलवता. तो २३ लिहितो. उत्तर बरोबर, शिकणं शून्य. चेहरा वाचायची कला तेवढी आणखी पक्की झाली.

त्याऐवजी चूक-बरोबर काहीच म्हणू नका. एवढंच म्हणा, ‘बरं, तुझं उत्तर घालून मला ही गोष्ट पहिल्यापासून सांग.’ मूल सांगायला लागतं: ‘रमाकडे ७ बोरं होती. तिने भावाला ८...’ आणि थांबतं. बहुतेक मुलं इथेच थांबतात. काही तर फिसकन हसतात. ‘सातातून आठ कशी देणार?’ हा प्रश्न आता त्याचा आहे. उत्तर चुकल्याचं त्याला तुम्ही सांगितलेलं नाही, बोरांनी सांगितलं. यानंतर २३ कुठून आलं हे तुम्हाला सांगावं लागत नाही. बऱ्याच वेळा मूलच म्हणतं, ‘भावाची परत घेतली तर कळेल.’ यापेक्षा चांगली बेरजेची व्याख्या मला तरी येत नाही.

आपल्या जुन्या शाळांत याला ताळा पाहणं म्हणत. पुढे तो ताळा म्हणजे वजाबाकी केली की खाली बेरीज करून बघायची, एवढ्यावर आला आणि मग तोही गेला. मी म्हणतो तो गोष्टीचा ताळा: उत्तर गोष्टीत घालायचं आणि गोष्ट घडू शकते का ते बघायचं. माझ्या लेखी प्राथमिकच्या मुलाचा गणितातला आत्मविश्वास म्हणजे हेच. उत्तर बरोबर आहे की चूक हे वहीवर लाल खूण पडायच्या आधी त्याचं त्याला कळणं. ज्या मुलाला ते कळतं त्याला ‘तुला येतं’ असं सांगायची गरज राहत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही.

उलट टोकाची मुलंही असतात. वहीवर हात आडवा धरून भराभर लिहिणारी, सगळ्यांत आधी ‘झालं!’ ओरडणारी. आत्मविश्वास ठासून भरलेला आणि दहापैकी चार चूक, म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. त्यांनाही औषध हेच.

अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय चाचणीत (निकाल १९८३ साली प्रसिद्ध झाले) तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं: एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, ११२८ सैनिकांना न्यायला किती बस लागतील? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ‘३२ बस’ हे उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. २९ टक्क्यांनी लिहिलं, ‘३१ बाकी १२’. बाकी १२ बस रस्त्यावर कशा दिसतील हा विचारच नाही. आपल्याकडे सहलीला निघालेली ३५ मुलं आणि आठ जण बसणारी टमटम घ्या. ‘४ बाकी ३’ असं उत्तर आलं की विचारा, ‘हे तीन कोण? त्यांना मागे ठेवून जायचं का?’

घरी सुरुवात करताना तुमच्या मुलाला आकड्यांपासून दूर ठेवा. उदाहरणातल्या आकड्यांवर बोट ठेवून झाका आणि तिथे ‘काही’ म्हणून वाचा. ‘रमाकडे काही बोरं होती. तिने काही भावाला दिली. काही उरली.’ आकडेच नाहीत म्हटल्यावर जुळवाजुळव करायची सोय संपते. मग साधे प्रश्न विचारा. कोण कोण आहे? आधी काय झालं, मग काय झालं? शेवटी रमाकडे बोरं जास्त असतील की कमी? आपल्याला काय शोधायचंय, आधीचं की नंतरचं? हे त्याने तोंडी, स्वतःच्या बोलीत सांगितलं की आकडे उघडा. चार-पाच दिवसांत तुम्हाला दिसेल की आकडे उघडायच्या आधीच तो म्हणतोय, ‘अगं, यात परत मिळवायचंय.’ ज्या दिवशी असं म्हणेल त्या दिवशी गणित न सोडवता वही मिटलीत तरी चालेल.

इथेच एक गोष्ट तपासून घ्या. उदाहरण तुम्ही मोठ्याने वाचून दाखवलंत तर तो सोडवतो का? सोडवत असेल तर त्याचं अडतंय वाचनात, गणितात नाही. अक्षर अक्षर जोडत वाचणारं मूल ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. त्याला गणिताची शिकवणी लावून काही होणार नाही, गोष्टींची पुस्तकं द्या. वाचून दाखवताना आकडे मात्र कागदावर लिहून ठेवा. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी यांत भल्याभल्यांची गल्लत होते, आणि आपण बोलतो ‘त्रेसष्ट’ म्हणजे आधी तीन, पण लिहितो आधी सहा. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘त्रेसष्ट’ला ‘साठ तीन’ अशी वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! मंगला नारळीकर यांच्यासारख्या गणिताच्या जाणकार त्या समितीच्या प्रमुख होत्या आणि त्यांचा मुद्दा लहान मुलांच्या सोयीचाच होता. विधानसभेपर्यंत थट्टा झाली. असो.

तुलनेची उदाहरणं वेगळी आणि जास्त अवघड. ‘सलीमकडे १२ गोट्या आहेत. सलीमकडे मीनापेक्षा ५ गोट्या कमी आहेत. तर मीनाकडे किती?’ इथे काही दिलं-घेतलं जात नाही, काही घडतच नाही. त्यामुळे गोष्ट सांगून पुरत नाही. इथे चित्र लागतं. गोट्या काढत बसू नका. एकाखाली एक दोन पट्ट्या काढायच्या, एक सलीमची, एक मीनाची. पट्ट्या काढताना मुलाला पहिला निर्णय घ्यावा लागतो: कुणाची लांब? ‘सलीमकडे कमी, म्हणजे मीनाची लांब.’ बस, इथेच जिंकलं. सलीमच्या पट्टीत १२, मीनाच्या पट्टीचा पुढे आलेला तुकडा ५. ज्या मुलाने ‘कमी’ शब्दाला भुलून ७ लिहिलं असतं त्याला पट्टीसमोर ७ लिहिताच येत नाही. पट्टी सुबक असायची गरज नाही. वाकडीतिकडी चालेल, पण त्याने स्वतः काढलेली हवी. तुम्ही काढून दिलीत तर तो तुमच्या चित्राची नक्कल करेल आणि पुन्हा तोंडाकडे बघेल.

दोन्ही जमू लागलं की उलटं काम द्या. नुसतं ३२ − १७ लिहा आणि म्हणा, ‘यावर एक उदाहरण तयार कर.’ बालभारतीच्या पुस्तकांत उदाहरण तयार करायचे स्वाध्याय असतात आणि वेळ नाही म्हणून नेमके तेच गाळले जातात. पहिल्या दिवशी तुम्हाला असं काहीतरी मिळेल: ‘माझ्याकडे ३२ पेन होते. १७ पेन. तर एकूण किती?’ यात काय घडलं, १७ पेनांचं काय झालं, काही पत्ता नाही. पण मुलाच्या डोक्यात वजाबाकीचं काय चित्र आहे ते यातून जेवढं दिसतं तेवढं पन्नास सोडवलेल्या उदाहरणांतून दिसत नाही. ‘सतरा पेनांचं काय झालं रे?’ एवढंच विचारा. मग पेन हरवतात, उंदीर नेतात, बहीण पळवते. उदाहरणं हळूहळू खोडकर होतात. त्याने तयार केलेलं उदाहरण बाबांना किंवा आजोबांना सोडवायला द्या आणि तपासायचं काम त्याच्याकडे ठेवा. आजोबांनी मुद्दाम एखादं चुकवावं. लहान पोराला मोठ्याची चूक शोधून ती का चूक आहे हे समजावताना पाहा, मग आत्मविश्वास कुठे असतो ते कळेल.

किती करायचं? रोज एक उदाहरण. खरंच एकच. पंधरा-वीस मिनिटं त्या एकावर गेली तरी जाऊ द्या. शिकवणीत वीस उदाहरणांचा कागद मिळतो, मूल त्याकडे बघूनच खचतं. बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ साली वजाबाकीत फार मागे असलेल्या मुलांबरोबर एक प्रयोग केला. काम सगळ्यांना सारखंच, ४२ पानं, सात बैठका. एका गटाला सांगितलं, दर बैठकीला सहा पानं करायचं मनात धरा. दुसऱ्याला सांगितलं, शेवटापर्यंत ४२ पूर्ण करायची. सहाच तर आहेत, आजची झाली, असा हिशोब करणारी मुलं वजाबाकीतही पुढे गेली, स्वतःवरच्या विश्वासातही आणि आवडीतही. ४२ चं ओझं घेतलेल्यांना त्याचा फारसा फायदा झाला नाही. तुमच्या घरात ‘शिष्यवृत्तीला बसायचंय ना?’ हे वाक्य वरचेवर उच्चारलं जात असेल तर ते तूर्त बंद करा.

घड्याळही बाजूला ठेवा. पाढे यायलाच हवेत, त्यात तडजोड नको. सात आठं किती हे आठवण्यात डोकं अडकलं तर उदाहरणाचा विचार कुणी करायचा? पण लेखी उदाहरण मिनिटांत मोजायची वस्तू नव्हे. ॲबॅकसच्या वर्गांबद्दल पालक हमखास विचारतात. आकडेमोडीचा वेग वाढतो, पोरांना मजाही येते, परवडत असेल तर घाला. बेरीज करायची की वजाबाकी, हे मात्र मण्यांना विचारून कळत नाही.

खोडरबरावर माझा विशेष राग आहे. आपल्या मुलांच्या वह्या स्वच्छ असतात, कारण विचार केल्याच्या सगळ्या खुणा खोडून टाकलेल्या असतात. वहीच्या पानावर उजवीकडे रेघ मारून कच्च्या कामाची जागा ठेवा आणि तिथलं काही खोडायचं नाही असा नियम करा. चुकलं तर एक आडवी रेघ. चूक दिसत राहिली तर ‘मी आधी सात म्हणालो होतो, मग गोष्ट जुळेना’ असं त्याला सांगता येतं. खोडली तर फक्त चुकल्याची लाज उरते.

शाबासकी कशी द्यायची, हेही विचारून टाकता आलं असतं, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘चांगली मेहनत घेतलीस’. पुढे अवघड कोडी आल्यावर हुशार ठरलेली मुलं लवकर हिरमुसली, नंतरची कामगिरीही घसरली. काहींनी आपले गुण वाढवून सांगितले. यावरून पुढे ‘प्रयत्न कर, सगळं जमतं’ छापाची पोस्टरं शाळाशाळांत लागली, त्यांचा मला कंटाळा आहे. चुकीच्या दिशेने केलेली मेहनत मुलाला आणखी थकवते. शाबासकी कशाला दिली ते त्याला कळलं पाहिजे: ‘तू पट्टी काढलीस म्हणून मीना जास्त हे दिसलं.’ ‘सात जमत नाही हे तुझं तू पकडलंस.’ उद्या अडल्यावर काय करायचं ते या वाक्यात त्याला मिळतं. ‘व्वा, हुशार माझं बाळ’ यात काही मिळत नाही, लाड तेवढे होतात. लाडही करा, पण जेवताना.

आता थोडं तुमच्याबद्दल. घरात कुणी ‘मलाही गणित कधी आलं नाही, याचं माझ्यावर गेलंय’ असं म्हणतं का? आपल्याकडे हे अगदी कौतुकाने म्हणतात. मुलाला त्यात सुटकेचा रस्ता दिसतो. अमेरिकेत २०१५ साली पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या पालकांना स्वतःला गणिताची धास्ती असते ते गृहपाठाला वरचेवर मदत करायला बसले की मुलं वर्षभरात कमी शिकतात आणि त्यांची धास्ती वाढते. धास्ती असलेले पालक मदतीला क्वचित बसले तर असा परिणाम दिसला नाही. तेव्हा तुमचा जीव खालीवर होत असेल तर शिकवायला बसू नका. श्रोता व्हा. ‘मला समजावून सांग’ एवढं म्हणायला गणित यावं लागत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक. २०१० मध्ये अमेरिकेतल्याच पहिली-दुसरीच्या वर्गांत आढळलं की गणिताची धास्ती असलेल्या शिक्षिकांच्या वर्गात ‘गणित मुलांचं, वाचन मुलींचं’ हा समज काही मुलींमध्ये वर्षअखेरीस रुजला होता आणि त्याच मुली गणितात मागे पडल्या होत्या. घरात बहीण असेल तर पट्ट्या काढायला तिलाही बसवा.

बाजाराचा उपयोग करा, पण एक सावधगिरी ठेवा. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ आणि फळं विकणाऱ्या मुलांवरचा १९८५ चा अभ्यास शिक्षणक्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे: गाडीवर विचारलेले ९८ टक्के हिशोब बरोबर, तेच आकडे कागदावर नुसते मांडून दिले तर ३७ टक्के. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल असंच चित्र अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी उलटी बाजूही तपासली. शाळेत जाणारी, कागदावर बरी असणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडखळली. तुमचा मुलगा या दुसऱ्या कळपातला. तेव्हा त्याला आठवडे बाजारात नेऊन सुटे पैसे मोजायला लावलं की वहीतलं आपोआप सुधारेल असं समजू नका. दोन्हींमधला पूल बांधावा लागतो. घरी आल्यावर त्याला म्हणा, ‘मघाशी कांद्याचं काय झालं ते उदाहरण करून लिही.’ चाळीस रुपये किलोने दीड किलो कांदे, दिली शंभराची नोट. हे त्याच्या हाताने वहीत उतरलं की पूल झाला.

शिकवणीच्या बाईंशी भांडू नका, पण दोन गोष्टी मागा. चिन्ह सांगायचं नाही, कितीही वेळ लागला तरी. आणि वीसऐवजी तीन उदाहरणं, त्यांतलं एक असं की ज्यात माहिती कमी आहे किंवा नको तेवढी जास्त आहे. ‘बाई, हे सुटणारच नाही’ असं मुलाला म्हणता आलं पाहिजे. सुरुवातीला त्याचे गुण कदाचित घसरतील, कारण आधीची झटपट रीत सुटलेली असेल आणि नवी अजून अंगवळणी पडलेली नसेल. तेव्हा घाबरून पुन्हा ‘एकूण म्हणजे बेरीज’कडे वळू नका.

आणि हे सगळं एखादं सत्र नीट करूनही त्याला १८ आणि ८१ मधलं मोठं कोणतं ते सांगताना थांबावं लागत असेल, बोटांवर मोजल्याशिवाय सहा आणि तीन होत नसतील, घड्याळ, पैसे, दिशा यांतही गोंधळ असेल, तर अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणी करून घ्या. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही. हातच्याची-उसन्याची गणितं बिनचूक करणाऱ्या मुलाचा पाया शाबूत असतो. आज संध्याकाळी रमाच्या बोरांपासून सुरू करा, आकड्यांवर बोट ठेवून.